महाविद्यालयाचा वर्ग आणि चित्रपटाचा कायदा

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गांत प्राध्यापक शेक्सपीअरचें नाटक हातीं घेऊन उभे राहतात व त्यांतील एखादा प्रवेश मोठ्यानें वाचून दाखवितात, तेव्हां या वाचनास कोणाची अनुज्ञा हवी काय, असा प्रश्न कोणाच्या स्वप्नींही येत नाहीं. परंतु त्याच नाटकाचा चित्रपट त्याच विद्यार्थ्यांना, त्याच वर्गांत, त्याच हेतूनें दाखवावयाचा म्हटला, कीं कायदा दाराशीं येऊन उभा राहतो. तो चित्रपट फितीवर आहे, तबकडींत आहे, कीं इंटरनेटवरून 'स्ट्रीमिंग'च्या मार्गानें वाहत येतो आहे, याची तो चौकशी करतो आणि प्रत्येक वेळीं निराळें उत्तर देतो. असें कां व्हावें, याचा उलगडा तर्कशास्त्रांत होत नाहीं, इतिहासांत होतो. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंत घडला, कारण चित्रपटाचा व्यापारी आणि चित्रपटाचा अध्यापक हे तेथेंच वारंवार एकमेकांसमोर न्यायासनापुढें उभे राहिले.

१९०२ सालीं जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म यांच्यासाठीं अमेरिकेंत बांधलेली 'मीटिओर' नांवाची शिडाची नौका समारंभपूर्वक पाण्यांत सोडण्यांत आली. थॉमस एडिसनच्या मंडळींनीं त्या समारंभाचें चलच्चित्र घेतलें आणि सरकारदरबारीं त्याची नोंद 'फोटोग्राफ' म्हणून केली. फिलाडेल्फियाच्या सिग्मंड लुबिन यानें त्याच्या नकला काढून विकण्यास आरंभ केला. एडिसननें दावा लावला, तेव्हां लुबिनच्या बाजूनें मांडलेला मुद्दा मोठा मासलेवाईक होता. कायद्याला चित्रपट ठाऊकच नाहीं. त्याला ठाऊक आहे तें छायाचित्र. मग या फितीवरील प्रत्येक छायाचित्राची नोंद स्वतंत्रपणें कां केली नाहीं? खालच्या न्यायालयास हें पटलेंसुद्धां. १९०३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला आणि संपूर्ण फीत हें एकच छायाचित्र होय, असें ठरविलें. अवघ्या समारंभाला एका चित्राच्या चौकटींत बसविण्याची ही युक्ति आज हास्यास्पद वाटेल. पण जुन्या शब्दाच्या पोटांत नवी वस्तु कोंबून वेळ निभावून नेण्याची जी रीत तेव्हां पडली, ती पुढील शंभर वर्षें सुटली नाहीं.

या अडचणींतून एक लाभ मात्र अकल्पितपणें झाला. नोंदणीसाठीं छायाचित्राची प्रत वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जमा करावी लागे. म्हणून निर्माते आपल्या फिती कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून त्यांच्या गुंडाळ्या ग्रंथालयाकडे पाठवीत. १८९४ च्या आरंभीं नोंदलेलें, एडिसनच्या कारखान्यांतील फ्रेड ऑट नांवाच्या कामगाराच्या शिंकेचें इवलेंसें चलच्चित्र असेंच कागदावर टिकून राहिलें. मूळ फिती नायट्रेटच्या, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही व नाशवंत. त्या बहुतांशीं गेल्या. कागद मात्र राहिला. अशा तीन हजारांहून अधिक चित्रपटांच्या गुंडाळ्या तेथें निघाल्या आणि केम्प नायव्हर यानें त्यांवरून पुन्हां फिती तयार केल्या. या कामगिरीबद्दल त्यास १९५५ सालीं हॉलिवुडच्या अकादमीनें सन्मानिलें. कायद्याच्या अज्ञानानें विद्येवर केलेला हा उपकार होय. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांना असें कागदी कवच लाभलें नाहीं व त्यांपैकीं बहुतेक काळाच्या उदरांत गडप झाले, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

१९१२ सालीं अमेरिकन कायद्यांत दुरुस्ती होऊन चित्रपट हा स्वतंत्र प्रकार मानला गेला. परंतु त्यापूर्वीं चार वर्षें एक निकाल लागला होता, आणि त्याचा चित्रपटाशीं वरवर पाहतां कांहींच संबंध नव्हता. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकांनीं 'द कास्टअवे' नांवाच्या कादंबरीच्या आंत एक सूचना छापली होती. हें पुस्तक एका डॉलरहून कमी किंमतीस विकतां येणार नाहीं. विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल! न्यूयॉर्कच्या मेसी या प्रसिद्ध दुकानानें तें खुशाल ८९ सेंटांना विकलें. १९०८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दुकानदारांचा पक्ष उचलून धरला. प्रत एकदां विकली, कीं तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा कॉपीराइट चालत नाहीं, असा या निकालाचा आशय. विकत घेतलेलें पुस्तक दुसऱ्यास देण्याचा, विकण्याचा वा ग्रंथालयांत ठेवण्याचा जो हक्क आपण वाऱ्याइतका सहज समजतों, तो अमेरिकेंत या निकालावर उभा आहे. पुस्तकाच्या पानावर छापलेली ती सूचना मात्र मेली नाहीं. ती शंभर वर्षांनीं दुसरा वेष घेऊन परत आली; तें पुढें येईल.

महाविद्यालयांत चित्रपट आला तो हळूहळू. १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें १६ मिलिमीटर रुंदीची सुरक्षित फीत बाजारांत आणली आणि प्रोजेक्टर वर्गाच्या टेबलावर मावूं लागला. १९२९ सालीं लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत चित्रपटविषयक अभ्यासक्रम सुरू झाला व त्याचें पहिलें व्याख्यान डग्लस फेअरबँक्स या नटानें दिलें. परंतु खरा प्रश्न व्याख्यात्याचा नव्हताच. प्रश्न फितीचा होता. कालचा चित्रपट आज जुना व परवां भंगार, अशी तेव्हांची व्यापारी दृष्टि. ज्या विषयाचे मूळ ग्रंथच वितळवून त्यांतील चांदी काढली जाते, तो विषय शिकवावा कसा?

ही अडचण ओळखिली ती आयरिस बॅरी या विदुषीनें. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत १९३५ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें चित्रपट-ग्रंथालय निघालें व बॅरी तेथें संग्रहपाल झाली. त्याच वर्षीं ती हॉलिवुडला गेली. मेरी पिकफर्डच्या प्रासादतुल्य घरीं चित्रपटसृष्टींतील मातबर मंडळी जमलीं. त्यांना जुने चित्रपट दाखविण्यांत आले आणि मग त्यांच्यापुढें झोळी पसरण्यांत आली. फिती मिळाल्या, पण निव्वळ शैक्षणिक उपयोगासाठीं, ही अट पत्करूनच. त्यानंतर ग्रिफिथ, चॅप्लिन व युरोपांतील दिग्दर्शकांच्या कृतींचे संच महाविद्यालयांकडे फिरूं लागले. दरम्यान भाड्यानें फिती देणाऱ्या पेढ्याही उदयास आल्या. सेंट लुई येथें १९३७ सालीं निघालेली स्वँक ही त्यांपैकीं एक. १९०९ च्या कायद्यांत वर्गांतील प्रदर्शनाविषयीं स्पष्ट शब्द नव्हता. तथापि त्यामुळें फारसें अडलें नाहीं. फीत डब्यांतून यावयाची, डब्यांतून परत जावयाची. भाड्याच्या पावतीनें जें ठरलें तोच कायदा.

ही व्यवस्था मोडली ती ध्वनिचित्रफितीनें, म्हणजे आपल्याकडे ज्यास लोक 'व्हिडिओ कॅसेट' म्हणत त्या वस्तूनें. न्यूयॉर्क राज्यांत बफेलोच्या परिसरांतील शाळांना साधनें पुरविणारी एक सरकारी संस्था दूरदर्शनवरील शैक्षणिक चित्रपट टिपून घेई, त्यांची सूची छापी आणि शाळांनीं मागितल्याप्रमाणें नकला काढून देई. हेतु निर्मळ होता. पैशाचा लोभ नव्हता. पण केवळ १९७६-७७ या एका शालेय वर्षांत अशा सुमारें दहा हजार नकला निघाल्या. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या शैक्षणिक शाखेनें व अन्य दोन निर्मात्यांनीं दावा लावला. त्यांचें म्हणणेंही टाकाऊ नव्हतें. हे चित्रपट शाळांसाठींच तयार केलेले. शाळाच जर ते फुकट टिपून घेतील, तर विकावयाचे कोणाला? १९८२ सालीं निकाल शाळांच्या विरुद्ध गेला. या प्रकरणांत शिक्षकांचा पक्ष घ्यावासा वाटला, तरी न्याय दुसऱ्या बाजूस होता असें म्हणणें भाग आहे. शिक्षणाच्या नांवाखालीं शिक्षणसाहित्य निर्माण करणाराचेंच पोट मारावें, यांत विद्येचें हित नाहीं.

हा खटला चालू असतांनाच नवा कायदा अंमलांत आला होता. १९७६ सालीं संमत झालेल्या व १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेल्या त्या कायद्याच्या ११० व्या कलमानें अध्यापकांस एक मोठी सनद दिली. नफ्यासाठीं न चालणाऱ्या शिक्षणसंस्थेंत, वर्गांत किंवा तत्सम अध्यापनाच्या जागीं, गुरु-शिष्य समोरासमोर असतांना, अध्यापनाचा भाग म्हणून संपूर्ण चित्रपट दाखविण्यास कोणाचीही अनुज्ञा नको व कोणासही मूल्य देणें नको. अट एकच: प्रत कायदेशीर रीतीनें तयार झालेली असावी, ती तशी नाहीं हें जाणून किंवा तसें मानण्यास कारण असूनही दाखविणारास ही सवलत नाहीं. मात्र त्याच कलमाच्या पुढील पोटकलमांत दूरप्रक्षेपणानें शिकविण्याचा विचार होता आणि तेथें चित्रपटाला जागाच नव्हती. समोर बसलेल्यास सर्व कांहीं, दूर असलेल्यास कांहीं नाहीं. कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें चार भिंतींची खोली होती. भिंतींवांचून वर्ग भरेल, ही कल्पना त्यांना कोठून यावी?

दूरदर्शनवरून टिपलेल्या कार्यक्रमांपुरते १९८१ सालीं कांहीं संकेत ठरविण्यांत आले. टिपलेली फीत ४५ दिवस ठेवावी. पहिल्या १० शालेय दिवसांत ती वर्गांत एकदां दाखवावी, उजळणीसाठीं फार तर आणखी एकदां. नंतर पुसून टाकावी. दिवस मोजून पुसलेलें ज्ञान! ज्यांनीं हे आंकडे ठरविले त्यांना परीक्षेच्या आधींच्या आठवड्यांत विद्यार्थी कशासाठीं धांवत येतात, याचा अनुभव नसावा.

यापुढील गंमत तबकडीच्या काळांतली. १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत डीव्हीडी आली व तिच्यावर सांकेतिक लिपीचें कुलूप होतें. १९९८ च्या कायद्यानें असें कुलूप तोडणें हाच अपराध ठरविला. आंतील वस्तूचा उपयोग न्याय्य असला तरी. त्यामुळें अशी विचित्र स्थिति उत्पन्न झाली कीं, चित्रपटाचे प्राध्यापक अडीच तासांचा संपूर्ण चित्रपट वर्गांत निर्भयपणें दाखवूं शकत. परंतु पांच चित्रपटांतील पांच लहान तुकडे तुलनेसाठीं एका संचांत गोंवावयाचे म्हटले, तर ते अपराधी! एक तबकडी काढा, दुसरी घाला, योग्य जागा शोधा. तेवढ्यांत तासाची घंटा होई. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर डेचर्नी व त्यांचे सहकारी यांनीं हें गाऱ्हाणें काँग्रेस ग्रंथालयाच्या मुख्य ग्रंथपालांपुढें मांडलें, कारण दर तीन वर्षांनीं अपवाद जाहीर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. २००६ सालीं अपवाद मिळाला, पण फक्त चित्रपट व माध्यमें शिकविणाऱ्या प्राध्यापकांस, आणि तोही विभागाच्या ग्रंथालयांतील तबकड्यांपुरता. इतिहासाच्या किंवा भाषेच्या अध्यापकांस तोच तुकडा कापण्याची मुभा २०१० सालीं मिळाली. तोंपर्यंत तीच तबकडी, तेंच यंत्र, तीच खोली; विषय बदलला कीं गुन्हा!

दूरशिक्षणाची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २००२ च्या दुरुस्तीनें झाला. मान्यताप्राप्त व नफा न मिळविणाऱ्या संस्थेनें, अध्यापकांच्या देखरेखीखालीं, केवळ नांव नोंदविलेल्या विद्यार्थ्यांसाठीं, नक्कल रोखण्याची व्यवस्था करून, चित्रपटाचा 'वाजवी व मर्यादित भाग' पाठवावा. भाग, संपूर्ण नव्हे. कादंबरीचें तिसरें प्रकरण वाचून कादंबरी शिकवा, असाच हा प्रकार. एखाद्या चित्रपटाचा शेवट त्याच्या आरंभाशीं कसा जोडला आहे हें दाखवावयाचें, तर मधलें सर्व पाहावेंच लागतें.

म्हणून कांहीं विद्यापीठांनीं दुसरी वाट धरली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें आपल्या मालकीच्या तबकड्यांवरील चित्रपट संगणकावर घेतले व त्या त्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सांकेतिक शब्द देऊन पाहावयास उपलब्ध केले. त्यांत शेक्सपीअरच्या नाटकांचे बीबीसीचे चित्रपट होते. अमेरिकेंत त्यांचे वितरण अँब्रोज व्हिडिओ ही कंपनी करी. वितरकांच्या संघटनेनें तक्रार केली. जानेवारी २०१० मध्यें विद्यापीठानें ही सोय बंद केली, मार्चमध्यें पुन्हां सुरू केली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत दावा दाखल झाला. दोन्ही पक्षांकडून मोठ्या तत्त्वाचा निर्णय अपेक्षिला जात होता: वर्ग म्हणजे खोली कीं वर्ग म्हणजे विद्यार्थी? २०११ सालीं व पुन्हां नोव्हेंबर २०१२ मध्यें न्यायालयानें दावा काढून टाकला. विद्यापीठ जिंकलें, पण राज्यसरकारच्या संस्थेविरुद्ध असा दावा चालतो काय, संघटनेस फिर्यादीचा अधिकार आहे काय, खरेदीच्या वेळच्या परवान्यांत काय होतें, अशा मुद्द्यांनींच मैदान मारलें. मूळ प्रश्न जेथें होता तेथेंच राहिला. देशांतील ग्रंथपालांनीं या निकालावरून धीर घेतला, कायदा घेतला नाहीं.

तोंवर पाण्याचा प्रवाहच बदलला होता. आतां चित्रपट विकत मिळेना. पाहण्याची परवानगी मिळूं लागली. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीचा वर्गणीदार होतांना जो करार मान्य करावा लागतो, त्यांत हा उपभोग वैयक्तिक असून घराबाहेरच्यांसाठीं नाहीं असें म्हटलेलें असतें. बॉब्ज-मेरिलच्या कादंबरींतील सूचना ती हीच! फरक इतकाच कीं तेव्हां प्रत मेसीच्या हातीं होती आणि न्यायालयानें प्रतीच्या मालकाला संरक्षण दिलें. येथें प्रतच नाहीं, तर मालक कोठून असणार? ११० वें कलम रद्द झालेलें नाहीं. वर्गांतील प्रदर्शनानें कॉपीराइटचा भंग होत नसला, तरी कराराचा भंग होऊं शकतो. आणि कायद्यानें उजव्या हातानें दिलेलें दान कराराच्या डाव्या हातानें परत घेतलें जातें. तें कोणा विधिमंडळानें चर्चा करून घेतलेलें नाहीं. एक बटण दाबतांना तें जातें, एवढेंच.

नेटफ्लिक्सनें आपल्या कांहीं माहितीपटांच्या शैक्षणिक प्रदर्शनास परवानगी दिली आहे, हें खरें. तें विनामूल्य असावें, एका वेळीं एकदांच असावें. सत्रागणिक एकदां दाखविण्यास प्रत्यवाय नाहीं. २०२० च्या एप्रिलमध्यें महामारीमुळें वर्ग बंद पडले, तेव्हां एव्हा ड्युव्हर्ने यांच्या 'थर्टीन्थ' या माहितीपटासह कांहीं कृति त्या कंपनीनें यूट्यूबवर सर्वांस खुल्या केल्या. हें औदार्य स्तुत्य होय. परंतु औदार्य आणि हक्क या दोन वस्तु आहेत, आणि अभ्यासक्रम औदार्यावर आंखतां येत नाहीं.

महाविद्यालयांसाठीं परवाने विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. तीच जुनी स्वँक आतां फितींच्या डब्यांऐवजीं संगणकावरून चित्रपट पुरवूं लागली. ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें २००८ सालीं सुरू झालेली कॅनोपी ही कंपनी प्रथम तबकड्या विकी. मग तिनें असा क्रम लाविला कीं विद्यार्थी जसजसे चित्रपट पाहतील, तसतसा ग्रंथालयास आकार पडावा. पुस्तक जितकें अधिक वाचलें जाईल तितकें ग्रंथालयास स्वस्त पडतें, हा ग्रंथपालांचा पिढीजात हिशेब येथें उलटा झाला. ज्याचा उपयोग अधिक, तें महाग! न्यूयॉर्क शहराच्या तीन सार्वजनिक ग्रंथालयांनीं खर्च झेपेना म्हणून १ जुलै २०१९ पासून ही सेवा बंद केली. शिवाय परवान्याची मुदत संपली कीं हातीं कांहींच उरत नाहीं.

भारताचा कायदा या बाबतींत अधिक मोकळा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत शिक्षणसंस्थेच्या कार्यांत चित्रपट दाखविण्यास मोकळीक आहे; प्रेक्षक मात्र त्या संस्थेचे अध्यापक, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक व संस्थेच्या कार्याशीं संबंधित मंडळी एवढेच असावेत. समोरासमोर असण्याची अट नाहीं. उलट अशा श्रोतृवर्गापर्यंत चित्रपट 'पोंचविण्याचा' उल्लेखही त्या कलमांत आहे. २०१२ सालीं आपल्याकडेही सांकेतिक कुलूप तोडणें दंडनीय झालें, तथापि जें कृत्य कायद्यानें निषिद्ध केलेलें नाहीं त्यासाठीं तें तोडण्यास त्याच कलमानें वाट ठेविली. पुस्तकांच्या बाबतींत दिल्ली विद्यापीठांतील छायाप्रतींचा खटला गाजला. तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनीं २०१२ सालीं लावलेला दावा २०१६ सालीं फेटाळला गेला, आणि अध्यापन म्हणजे केवळ वर्गांतील तोंडी व्याख्यान नव्हे, अशी व्यापक दृष्टि न्यायालयानें स्वीकारली. पुण्यास प्रभात स्टुडिओच्या जागेंत १९६० सालीं निघालेली चित्रपटसंस्था व १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या आसऱ्यानें ज्यांनीं चित्रपट पाहावयास शिकलें व शिकविलें, त्यांना फितीची टंचाई भासली असेल. कायद्याची भासण्याचें कारण नव्हतें. वर्गणीच्या करारांतील अटी मात्र मुंबईस काय आणि न्यूयॉर्कला काय, सारख्याच लहान अक्षरांत असतात.

अल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' हा चित्रपट २०१८ सालीं नेटफ्लिक्सवर आला आणि पुढील वर्षीं उत्कृष्ट दिग्दर्शनासह तीन ऑस्कर पारितोषिकांचा मानकरी ठरला. त्याचें कृष्णधवल छायाचित्रण, मेक्सिको शहराचें चित्रण, मोलकरणीच्या आयुष्याकडे पाहण्याची त्याची दृष्टि, या सर्वांमुळें तो अभ्यासावा असें कोणाही अध्यापकांस वाटावें. पण ग्रंथालयास विकत घेण्याजोगी प्रत नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्यें क्रायटेरियन या कंपनीनें त्याची तबकडी काढली. ज्या महाविद्यालयानें ती विकत घेऊन कपाटांत ठेविली, त्याला १९७६ चें कलम पुन्हां पूर्वीप्रमाणें लागू झालें; आणि पुढच्याच महिन्यांत वर्ग बंद पडले.